प्रभाच्या काचा

रविवारी सकाळी मी प्रभाच्या पायाची नखं कापली. वाकलं की तिला श्वास पुरत नसे, म्हणून हे काम बऱ्याच दिवसांपासून माझ्याकडे आलं होतं. अंगणात ऊन आलं होतं. ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मी खाली पाटावर, तिचा पाय माझ्या मांडीवर. ऑक्सिजनचं मशीन आत खोलीत घरघरत होतं आणि त्याची लांब नळी उंबरा ओलांडून तिच्या नाकापर्यंत आली होती. मी दर नखाला चष्मा पुसत होतो.

"अहो, एवढे काहून घाबरून राहिले? नख आहे, बॉम्ब नाही."

"हलू नको."

"मी कुठं हलून राहिली? तुमचाच हात हलून राहिला."

अंगठ्याचं नख दगडासारखं झालं होतं. ती म्हणाली, "याला तुमच्या फॅक्टरीतला पॉलिश पेपर लागते." आणि हसली. हसली की खोकला यायचा. मी तिचा पाय हातात धरून खोकला संपायची वाट पाहिली. संपला तशी म्हणाली, "डावा राहिला." मी डावाही कापला. मग तिला ऊन लागायला लागलं, आत जाऊन पडली. मी नखं कागदात गुंडाळून कुंपणाबाहेर टाकली, हात धुतले, चहा ठेवला. चहा घेऊन आत गेलो तर ती गेली होती. मशीन चालूच होतं.

मला लिहिता येत नाही. आठवी पास माणूस. हे तिनं वाचलं असतं तर लाल पेनानं अर्धं खोडलं असतं आणि उरलेल्या अर्ध्यावर प्रश्नचिन्ह काढलं असतं. पण ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांना ती कोण होती हे कोणीतरी सांगायला पाहिजे, आणि मला सोडून एवढं सगळं कोणाला माहीत नाही.

मी इथल्या फॅक्टरीत पेंटर होतो. गाड्यांना रंग मारायचो. ती वर्ध्याकडून लग्न होऊन जबलपूरला आली तेव्हा अकरावी झालेली होती. मला पगार होता, तिला डोकं होतं, एवढीच आमची पत्रिका जुळली. मी ड्यूटीवर गेलो की ती पुस्तक उघडायची. प्रसाद झाला तेव्हा बी.एस्सी. चालू होतं, तो शाळेत गेला तेव्हा एम.एस्सी. मग कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागली, आणि केस पांढरे झाल्यावर पीएच.डी. केली. फॅक्टरीत लोक टोमणे मारत, "बायको डॉक्टर, तुम पेंटर. घर में किसकी चलती है?" मी म्हणायचो, गॅस संपला की माझी.

दिसायला ठेंगणी, चालणं भराभर, बोलणं त्याहून भराभर. साडी कायम वीतभर वर. तिचा एक शब्द आमच्या सगळ्या अधारताल मोहल्ल्याला पाठ होता. कोणी काही सांगितलं की ती म्हणायची, "पुरावा?" दूधवाला पाणी घालतो. पुरावा? अमक्याची सून भांडकुदळ आहे. पुरावा? एकदा भाजीवाल्यानं शपथ घेतली, "दीदी, मटर एकदम मीठा है, सिहोरा का." ती म्हणाली, "पुरावा?" आणि एक शेंग सोलून खाल्ली. मग दुसरी. मग त्याला म्हणाली, "एक दाने से कुछ सिद्ध नहीं होता भैया," आणि तिसरी. तो हात जोडून उभा.

तिचं काम मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. काही रंगद्रव्यं अशी असतात की त्यांचे कण एकमेकांना आपोआप चिकटून तंतू होतात, केसाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. ती ते तंतू एका पातळ द्रवात घेऊन काचेच्या पट्टीवर लेप चढवायची. साध्या उजेडात काच मळकट दिसायची. अंधारात तिच्यावर जांभळा दिवा धरला की ती हिरवी पेटायची. मग जवळ एखाद्या रसायनाची वाफ आली की हिरवा मंद व्हायचा. किती मंद झाला ते मशीन मोजणार, त्यावरून वाफ किती ते कळणार. ती म्हणायची, "नाकाला सवय होते हो. काचेला होत नाही."

हे तिला सुचलं सिहोऱ्याकडच्या एका कोल्ड स्टोरेजवरून. तिथं गारव्यासाठी अमोनिया वापरतात. एका नातेवाइकाच्या मटाराच्या पोत्यांसाठी आम्ही गेलो होतो. आत जाताच माझे डोळे चुरचुरले. तिथला हमाल म्हणाला, "कहाँ है बास? हमको तो कुछ नहीं आता." त्याचे डोळे लाल होते. परतीच्या बसमधून अधारतालला उतरताना प्रभा म्हणाली, "त्या माणसाला वास येत नाही, आणि तो तिथंच डबा खाते." झालं. त्या दिवसापासून तिला भिंतीवर लावायची अशी काच पाहिजे होती जी वेळेत सांगेल.

काच व्हायची. अडचण दोन ठिकाणी होती. एक, कोल्ड स्टोरेजमध्ये ओल फार, आणि काच ओलीलाच अमोनिया समजायची. दुसरी, वाफ निघून गेल्यावर हिरवा पूर्ण परत यायला पाहिजे. अर्धा आला तर उद्याचं माप चुकलं, परवाचं त्याहून चुकलं. "मंद कोणतीही होते," ती म्हणायची. "परत येणारी पाहिजे."

परत आली की नाही हे बघायला घरी माझे डोळे होते. कॉलेजात मशीन होतं, पण तिला दुसऱ्या सकाळपर्यंत धीर नसे. कमानिया गेटच्या बाजारात नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मिळतो, तो आणला होता. दारं लावून, खिडकीला चादर टांगून, एक न वापरलेली काच आणि एक वापरलेली शेजारी ठेवायची आणि मला बसवायची. पेंटर माणूस, शेड जुळवण्यात जिंदगी गेली. गाडीचं एक दार परत रंगवलं तर ते कोणतं, हे मी लांबून सांगतो.

"सांगा. सारख्या आहेत?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे? मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"नाही. उजवी मेली आहे."

ती चादर काढायची आणि कणीक मळायला घ्यायची. त्या दिवशीच्या पोळ्या जाड यायच्या.

एकदा तर गंमत झाली, म्हणजे आता गंमत. कॉलेजात लाइट फार जायला लागले, तेव्हा तिनं चांगल्या काचांचा एक डबा घरी आणला. ठेवायचा कुठं? घरात कोणी हात लावणार नाही अशी जागा एकच, देव्हाऱ्याखालचा खण. सोवळ्यातला. मलाही बंदी. महिन्याभरानं डबा उघडला तर सगळ्या काचा आंधळ्या. ती डोक्याला हात लावून बसली. पाण्यानं नाही, उष्णतेनं नाही, मग कशानं? मी खणात नाक घातलं आणि म्हटलं, "कापूर."

खणात मागच्या बाजूला कापराची अख्खी पिशवी होती. तिची तिनंच ठेवलेली. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग देवाकडे, आणि मग इतकी हसली की शेजारीण विचारायला आली. "वाफा पकडायच्या काचा," ती म्हणाली, "आणि मी त्या कापराच्या घरात भाड्यानं ठेवल्या!" तेव्हा तिला हसून खोकला येत नसे.

खोकला नंतर आला. आधी पायऱ्यांवर, मग सपाट रस्त्यावर, मग बोलताना. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं, फुप्फुसं वाळत चालली आहेत, कडक होत आहेत, गेलेला भाग परत येत नाही. कशानं? ते म्हणाले, बऱ्याचदा कळत नाही. पण रसायनांपासून लांब राहा.

परत येताना गाडीत मी तोंड उघडलं. "त्या वाफांनीच खाल्लं तुला."

"पुरावा?"

"तुझी छाती."

"तो पुरावा नाही. तुम्ही तीस वर्षं थिनर हुंगला, तुमची छाती ढोलासारखी आहे."

खरं होतं. थिनर मी हुंगला आणि छाती तिची गेली. मी कुठल्या देवाला विचारू?

तिनं कॉलेज सोडावं म्हणून मी सगळं करून पाहिलं. ओरडलो. बोलणं टाकलं. प्रसाद भोपाळला असतो, त्याला बोलावलं. तो आईला म्हणाला, "आई, प्लीज, अब बस करो ना." ती त्याला म्हणाली, "मराठीत सांग, मग ऐकते." तो बिचारा जुळवाजुळव करत राहिला, "आई, तू... तू आता बंद करून दे." तिनं त्याला जवळ घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेली.

मग मी स्वतः तिथं गेलो, भांडायलाच. तिच्या प्रयोगाच्या खोलीचे मालक म्हणजे तिवारीजी, फिजिक्सचे मास्तर. उजेड मोजायचं मशीन त्यांनीच बसवलेलं. तिला दीदी म्हणत, मला दादा. खोली पाहून माझं डोकं फिरलं. खिडकीला काळा कागद, दार बंद, आणि वाफा बाहेर ओढायची पेटी होती तिचा पंखा कधीचा बंद. "एप्लिकेशन दी है दादा," तिवारीजी म्हणाले, "हर साल देते हैं." मी तिथल्या तिथं बाजारात जाऊन पंखा घेऊन आलो. भिंतीला भोक पाडायला वरून परवानगी लागते म्हणाले. परवानगी आली नाही. तो पंखा आमच्या माळ्यावर खोक्यात आहे.

मी तिला म्हटलं, "मी रात्री येऊन भोक पाडतो. चोरून."

"आणि चौकीदाराची नोकरी जाऊ द्या," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं मला स्टुलावर बसवलं आणि दिवा विझवला. काच पेटली. खालून अमोनियाचा एक थेंब दाखवला, हिरवा खाली बसला. थेंब काढला, आणि हिरवा हळूहळू वर यायला लागला. मी भांडायला गेलेला माणूस, तोंड उघडं टाकून बघत बसलो. अंधारात मला तिचा श्वास ऐकू येत होता. शिट्टी वाजावी तसा. मी काचेकडे बघू की तिचा श्वास ऐकू? परत येताना रिक्षात मी तिची पिशवी मांडीवर धरून बसलो. तिला वाटलं मी मानलं. मी मानलं नव्हतं.

शेवटच्या सहा महिन्यांत घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. ती नळी लावून वाचायची, नळी लावून फोनवर तिवारीजींना झापायची. नवीन काहीतरी सापडलं होतं. तंतूंना वरून मेणासारखं एक आवरण द्यायचं, पाणी लागत नाही आणि अमोनिया आत शिरतो. हे आवरण चढवायला हात तिचाच लागे. तिवारीजींनी करून पाहिलं, डाग पडले. शुक्रवारी ती म्हणाली, "मला घेऊन चला. एकदा."

"नाही."

"एकदा हो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले गेलेला भाग परत येत नाही. मग आता घरी बसून काय राखून ठेवू?"

मी म्हटलं, "मला राखून ठेव." एवढं मी आयुष्यात तिला कधी बोललो नव्हतो. तिनं चपला पायात सरकवल्या. मग म्हणाली, "लहान सिलेंडर भरलेला आहे ना? तो घ्या."

मी घेतला. रिक्षात सिलेंडर माझ्या मांडीवर आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर. खोलीत तिनं दोन मास्क घातले, दार उघडं ठेवायला लावलं, माझ्या समाधानासाठी. काम करताना हात अजिबात थरथरला नाही. संपल्यावर भिंतीला टेकून कितीतरी वेळ नुसती श्वास घेत राहिली, आणि मी सिलेंडरचा काटा बघत राहिलो. काचा सुकायला दोन दिवस लागणार होते. निघताना तिवारीजींना दम दिला, "सोमवारी तपासा. मंगळवार नको. शिळी काच खोटं बोलते."

आणि रविवारी, वर सांगितलं तसं, ती गेली. प्रसाद दुपारपर्यंत गाडीनं आला. सूर्य मावळायच्या आत ग्वारीघाटावर सगळं झालं. अग्नी मी दिला. नर्मदेचं पाणी शांत होतं. कोणीतरी म्हणालं, सुटली बिचारी. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी घरात चूल पेटायची नव्हती, शेजारून पिठलं-भाकरी आली होती. प्रसाद समोर ताट घेऊन बसला होता, दोघंही जेवत नव्हतो. फाटकाशी तिवारीजींची स्कूटर थांबली. ते आत आले नाहीत. मी बाहेर गेलो. त्यांनी माझे हात धरले, सोडले, परत धरले.

"कोई जल्दी नहीं है, दादा," ते म्हणाले.

"कशाची जल्दी नाही?"

ते जमिनीकडे बघायला लागले. मग मला समजलं.

"काचा आज नाही तपासल्या तर?"

"खराब हो जाएँगी. पर ऐसे में... मैं अकेला खोल नहीं पाया. चाबी लगाई और लौट आया."

"चला."

मागून प्रसाद आला. "बाबा, आप कैसे जाओगे? आपने अग्नि दी है. सुतक आहे. दस दिन घर से नहीं निकलते. लोग क्या कहेंगे?"

"मग तू जा."

"मुझे उसमें क्या समझ आता है?"

"मला तरी कुठं समजते?" मी म्हटलं, आणि स्कूटरवर मागे बसलो. अंगावर कालचाच पंचा होता.

चौकीदार उठून उभा राहिला. तिवारीजींनी दार उघडलं, मग बंद केलं, दिवा विझवला. मी स्टुलावर बसलो. त्यांनी डब्यातून दोन काचा काढल्या, एक तशीच शेजारी ठेवायची, ताळ्यासाठी, आणि एक तपासायची. जांभळा दिवा लागला. दोन्ही सारख्या हिरव्या. एवढा एकसारखा लेप मी रंग फवारायच्या बंदुकीनंही कधी मारला नाही.

आधी ओली हवा सोडली. आम्ही दोघं श्वास धरून. हिरवा हलला नाही. तिवारीजींनी माझं मनगट पकडलं. "दादा, पानी से नहीं डरी! देखिए, नहीं डरी!" इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा होत होतं. मग अमोनिया. एका काचेचा हिरवा झपकन खाली बसला, दुसरी तशीच जळत राहिली. मग कोरडी, स्वच्छ हवा. आता नुसतं बसायचं होतं.

ती परत यायला लागली. आधी राखेसारखी, मग गवतासारखी. मला वाटलं, चालली, आता पोहोचते. मी मनात तिला ढकलत होतो, चल, अजून थोडी, अजून. मग ती थांबली. आम्ही अजून वाट पाहिली. तिथंच राहिली. शेजारच्या काचेपेक्षा एक शेड खाली. एकच. दुसऱ्या कोणाला दिसलीही नसती.

तिवारीजी मीटरसमोर उभे होते, माझ्याकडे पाठ करून, आकडा मला दिसू नये असे. आकडा कॉम्प्युटरमध्ये गेलाच होता, तो कुठं पळणार नव्हता. मग ते वळले.

"आ गयी, दादा," ते म्हणाले. "पूरी आ गयी. दीदी की काँच लौट आयी."

मी दोन्ही काचांकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "आली."

आणि उठून जांभळा दिवा बंद केला, त्यांना त्या दोन काचा शेजारी शेजारी फार वेळ बघाव्या लागू नयेत म्हणून.